साडेसात महिन्यांची लेक माणसं बघून रडते आणि घरात रुसवेफुगवे

रंकाळाकाठची | रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

लेक साडेसात महिन्यांची आहे. आत्ताआत्तापर्यंत कुणाच्याही कडेवर जायची. दूधवाले काका, खालच्या मजल्यावरच्या वहिनी, भाजीवाल्या मावशी, सगळ्यांना बोळकं दाखवून हसायची. आता दाराची बेल वाजली की माझ्या मानेत तोंड खुपसते.

शनिवारी सासू-सासरे गडहिंग्लजहून आले. त्यांच्याशी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतो. त्यात आज्जीचा आवाज आला की ही पाय आपटत हसते. म्हणून सासूबाई मोठ्या हौसेनं दारातूनच हात पसरून आल्या, "ये गं माझी सोनुली!" पोरीनं टक लावून बघितलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि असं भोकाड पसरलं की शेजारचं दार उघडलं. सासूबाईंनी हात मागं घेतले, आणलेलं अंगडं-टोपडं टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "असू दे, आम्ही परकेच की."

रात्री जेवताना विषय निघालाच. बाळंतपणाला माहेरी जास्त राहिले म्हणून, फ्लॅटमध्ये माणसं येत-जात नाहीत म्हणून, मी सारखी उचलून घेते म्हणून. नवरा मान खाली घालून भात कालवत होता.

आता खरी अडचण. रजा संपून मी शिरोली एमआयडीसीतल्या ऑफिसात रुजू झाले आहे. सध्या माझी आई सांभाळते, पण तिला सांगलीला परत जायचंय, मग पाळणाघर. नऊ महिने भरले की गोवर-रुबेलाची लस. त्याच सुमारास जोतिबाला जावळ, तेही मामाच्या मांडीवर. मामा पुण्यात असतो, बारशानंतर तिनं त्याला पाहिलेला नाही. हे सगळं एकदम कसं निभवायचं? आणि हे नॉर्मल आहे ना?

---

भेळमिसळ | ११:२४

नॉर्मल आहे. आमचे चिरंजीव तर माझ्या चष्म्याला रडायचे. चष्मा काढला की बाबा, घातला की चोर. हलके घ्या.

---

स्टेथोस्कोप | ११:५२

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथं फक्त सर्वसाधारण सांगतो, तपासणी आपल्या डॉक्टरांकडंच करा.

ताई, तुमच्या लेकीचं वय बरोबर तेच आहे. साधारण सहा ते आठ महिन्यांत परक्या माणसांना बघून बिचकणं सुरू होतं, वर्षाच्या आसपास जोर धरतं आणि दीड-दोन वर्षांपर्यंत हळूहळू ओसरतं. एखाद्या बाळात चार आठवड्यांत संपतं, एखादं वर्षभर लावून धरतं. दोन्ही चालतं.

घरी लोकांना वाटतं की बाळ काहीतरी विसरलं, बिघडलं. असतं उलट. आईचा वास आणि आवाज बाळाला जन्मानंतर काही दिवसांतच ओळखू येतो. पण दोन-तीन महिन्यांचं बाळ कुठलाही हसरा चेहरा समोर आला तरी हसतं. पुढं स्मरण पक्कं होतं. रोजचे चेहरे डोक्यात ठसतात आणि नवा चेहरा त्यांच्याशी ताडून बघता येतो. तुम्ही लिहिलंय ना, आधी टक लावून बघितलं, मग ओठ काढला. ते बघणं म्हणजेच ताडणं. जुळलं नाही, म्हणून रडं.

याच वयात दुसरी गोष्ट होते. आई नजरेआड झाली तरी ती कुठंतरी आहे, हे कळायला लागतं. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं हा टप्पा आठ महिन्यांच्या सुमाराचा सांगितला. डब्याखाली लपवलेलं खेळणं बाळ शोधायला लागतं, तेव्हाच आई न्हाणीघरात गेली की रडायलाही लागतं. परक्याची भीती आणि आईपासून दूर होण्याची भीती या गोष्टी वेगळ्या आहेत, पण त्या हातात हात घालून येतात.

व्हिडिओ कॉलचं म्हणाल तर त्या आज्जी तळहाताएवढ्या असतात, लांब असतात आणि उचलत नाहीत. दारातल्या आज्जी साडेपाच फुटी, हात पसरून अंगावर येणाऱ्या. बाळाच्या लेखी ही माणसं वेगळी.

---

शिवाजीपेठ_आज्जी | सकाळी ६:४०

डॉक्टर म्हणतात ते बरोबर हाय. आमच्यात म्हणायचे, पोराला आपलं-परकं कळाया लागलं, आता ते शहाणं झालं.

मी सांगतो पोरी, तुझ्या सासूला हे वाचून दाखव, नाहीतर नको दाखवू, तूच आपलं कर. नातवाकडं गेल्या गेल्या झडप घालायची न्हाई. घरात यायचं, पाय धुवायचे, सुनेशी बोलत बसायचं. पोराकडं बघायचंच न्हाई. मी तर ताटात शेंगा घेऊन फोडत बसतो. टरफलाचा आवाज येतोय म्हटल्यावर पोरगं आईच्या मांडीवरनं डोकावतं. मग सरकत येतं. मग माझ्या बांगड्या धरतं. तवा पण उचलायचं न्हाई! मांजराच्या पिल्लाला कसं, आपण बसून ऱ्हायचं, ते येतंय. थोरल्या लेकीच्या पोरानं मला एक सांज असंच बसवलं. दुसऱ्या दिशी उठल्यावर माझ्याच अंथरुणात.

आणि दृष्ट काढायची असेल तर काढा, मीठ-मोहरीनं काय नुकसान न्हाई. पण दृष्ट काढायच्या नादात रडत्या पोराला चार बायकांनी गराडा घालू नका.

---

भेळमिसळ | ७:१५

आज्जी, शेंगांना +१. फक्त दाणे आणि टरफलं बाळाच्या हाताला लागणार नाहीत एवढं बघा, घशात अडकतात.

शिवाजीपेठ_आज्जी | ७:३१

माझी चार पोरं आणि सात नातवंडं मोठी झाली बाबा. ताट माझ्या मांडीवर असतंय.

---

गिरकी | ९:०५

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आज्जींनी शेंगा फोडत जे सांगितलं, ते सिद्ध करायला प्रयोगशाळांना बरीच वर्षं लागली, म्हणून थोडी भर घालते.

रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकानं याला "आठव्या महिन्याची भीती" म्हटलं. १९६५ सालच्या त्याच्या पुस्तकात बाळाच्या मनाचे तीन टप्पे आहेत: पहिलं माणसाकडं बघून हसणं, मग परक्याला बघून बिचकणं आणि नंतर मान हलवून "नाही" म्हणणं. म्हणजे बिचकणं त्याच्या मते वाढीची खूण. पण त्याच्यामुळं असाही समज झाला की प्रत्येक बाळ प्रत्येक परक्याला घाबरणारच. १९७३ मध्ये राइनगोल्ड आणि एकरमन या दोघींनी त्याला आव्हान दिलं. परकी बाई जर सावकाश आली, आधी आईशी बोलली, बाळाला वेळ दिला, तर बहुतेक बाळं घाबरत नाहीत, उलट तिच्याशी खेळतात, असं त्यांनी दाखवलं. त्यामुळं "बाळ परक्याला घाबरतं का" यापेक्षा "परका कसा आला" हे विचारावं. दारातून हात पसरून येणं ही सगळ्यात वाईट पद्धत, आणि आपल्याकडं प्रेम दाखवायची तीच पद्धत!

दुसरं, बाळ तुमचा चेहरा वाचतं. १९८५ चा एक प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगते. जाड काचेचं टेबल, काचेखाली सुमारे फूटभर खोल खड्डा दिसतो. वर्षाचं बाळ कडेला येऊन थांबतं आणि पलीकडच्या आईकडं बघतं. आईनं हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काचेवरून पलीकडं गेली. आईनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आता विचार करा, सासूबाई दारात आहेत आणि तुमच्या मनात "आता ही रडणार, मग ऐकून घ्यावं लागणार" असं चाललंय. तुमचा चेहरा काय सांगत असेल?

रंकाळाकाठची, हा दोष तुमचा म्हणून सांगत नाही. उपाय तुमच्या हातात आहे म्हणून सांगते. पाहुणे आले की पोरीला कडेवर घट्ट धरून तुम्हीच आधी त्यांच्याशी हसून बोला.

---

वाड्यातला | दुपारी १२:२०

सगळ्यांचा मान राखून म्हणतो, हे फ्लॅटचे चोचले आहेत. आमच्या मंगळवार पेठेतल्या वाड्यात सोळा माणसं. पोरगं सकाळी एकाच्या कडेवर, दुपारी दुसऱ्याच्या, रात्री झोपायला आईकडं. कुठली भीती आणि कुठलं काय. चार लोकांत ठेवा, रडू दे थोडं, आपोआप सवय होते.

---

गिरकी | १:१०

दादा, अर्धं तुमचं खरं आहे. कॅमेरूनमधल्या न्सो समाजावर ऑटो आणि केलर यांनी अभ्यास केला. तिथं आयांना शांत, कुणाकडंही जाणारं बाळ हवं असतं, सांभाळणारे हातही अनेक. तिथली बहुतेक बाळं परक्या बाईनं उचललं तरी रडली नाहीत. त्यामुळं माणसांच्या राबत्याचा परिणाम होतो, हे मान्य.

पण तुमच्या वाड्यातली सोळा माणसं बाळाला परकी नव्हतीच. त्यानं सोळा चेहरे आपले मानले होते. सतरावा, म्हणजे वीजमीटर बघायला आलेला माणूस, त्याच्याकडं दिलं होतं का कधी?

आणि आई दूर गेल्यावरचं रडं तर जगभर सारखंच दिसतं. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या देशांतल्या बाळांची आकडेवारी शेजारी ठेवली. पहिल्या वर्षाच्या शेवटाकडं ते चढतं आणि पुढं उतरतं, मग घर कसंही असो.

वाड्यातला | १:३८

मीटरवाल्याकडं कोण देईल? पण "रडू दे थोडं" यात चूक काय ते सांगा की.

स्टेथोस्कोप | २:५०

चूक एवढीच की रडतं बाळ परक्याच्या हातात धरून ठेवलं तर "या माणसाजवळ आई सोडवायला येत नाही" एवढंच ते शिकतं. पुढच्या वेळी त्या माणसाला बघून आधीच रडतं. सवय भेटीगाठींनीच होते, त्याबद्दल वाद नाही. फक्त त्या भेटी आईच्या कडेवरून व्हाव्यात.

शिवाय बाळाचा मूळ स्वभावही असतो. केगन यांनीच चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी, आवाज, वास दाखवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडलं, आणि अशातली बरीच पुढं बुजरी निघाली. सख्ख्या भावंडांतही एक कुणाकडंही झेपावतं, दुसरं पदर सोडत नाही. त्यात आईचं कर्तृत्व फार थोडं.

---

रजेवर | रात्री ९:४५

मी फौजेत आहे, शिरोळ तालुक्यातला. धागा दोन वेळा वाचला म्हणून लिहितोय.

पोरगा झाला तेव्हा रजेवर होतो. नंतर थेट तो दहा महिन्यांचा झाल्यावर आलो. गाडीतून उतरलो तेव्हा सगळं घर दारात. बायकोनं पोराला माझ्याकडं दिलं, फोटो काढायला भाऊ तयार. पोरानं माझ्या मिशीकडं बघितलं आणि अंग ताठ करून मागं फेकलं. आई म्हणाली, "अरे तुझा बाप हाय तो." त्याला काय कळणार. सगळे हसले, मी पण हसलो. नंतर गोठ्यात जाऊन म्हशीला वैरण टाकत बसलो.

आज्जींची युक्ती मला कुणी सांगितली नव्हती, पण झालं तसंच. मी त्याला घ्यायचा नाद सोडला. पुतणीला पुढं केलं, ती चार वर्षांची. तिच्याकडं तो लगेच जायचा. ती माझ्या पाठीवर बसायची, घोडा घोडा. तो लांबून बघायचा. नंतर एकदा येऊन माझी चप्पल ओढायला लागला. मी गप्प. चप्पल तोंडात घातली तेव्हा मात्र काढून घ्यावी लागली, आणि परत रडारड.

डॉक्टरसाहेब, परत जाऊन आलो की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार का?

---

स्टेथोस्कोप | १०:३०

दादा, काही प्रमाणात होईल, पण दर वेळी कमी. दोन वर्षांनंतर त्याला तुमचा फोटो दाखवून "बाबा" म्हणता येईल. बाबा येणार हे त्याला आधी सांगताही येईल, तेव्हा बराच फरक पडतो. तोवर व्हिडिओ कॉल चालू ठेवा, आवाजाची ओळख राहते. तुमचा वापरलेला, न धुतलेला शर्ट घरात ठेवा, असंही मी सांगतो. वास ही बाळाची जुनी ओळख आहे.

गिरकी | १०:५२

पुतणीला पुढं केलंत ते अगदी बरोबर. ब्रुक्स आणि लुईस यांनी १९७६ मध्ये बाळांसमोर अनोळखी मोठी माणसं आणि अनोळखी लहान मूल आणलं. मोठ्यांना बघून बाळं बिचकली, मुलाकडं बघून बहुतेकदा खूश झाली. बाळांना पुरुष बायकांपेक्षा थोडे जास्त परके वाटतात, असंही अनेक निरीक्षणांत आढळतं. मिशीनं भर घातली असेल, एवढंच.

वाड्यातला | ११:०५

दादा, मिशी काढू नका. पोराला सवय होईल.

---

उचगावची | दुसऱ्या दिवशी, सकाळी १०:१५

मला उलटी काळजी लागली हे वाचून. माझा मुलगा अकरा महिन्यांचा, कुणालाच घाबरत नाही. गांधीनगरच्या दुकानात कापड बघत होते, तर हा दुकानदाराच्या गळ्यात. काही गडबड तर नाही ना?

स्टेथोस्कोप | ११:४०

केवळ रडत नाही म्हणून काळजी नको. बघायचं ते असं: घाबरल्यावर, लागल्यावर तो तुमच्याकडं येतो का? तुम्ही बाहेरून आल्यावर वेगळा आनंद दिसतो का? नावानं हाक मारली की वळतो का? नजरेला नजर देतो, बडबडतो, टाटा करतो, हवं ते मागायला हात पुढं करतो? हे असेल तर तो मोकळ्या स्वभावाचा आहे, बास.

वर्षाचा होऊनही हाकेला वळणं, बडबड, हातवारे यातलं काही नसेल तर मात्र दाखवा, मग परक्याला रडो वा न रडो. दुसऱ्या टोकाला, दोन-अडीच वर्षांनंतरही भीती इतकी की अंगणवाडीत बसत नाही, ओळखीच्या घरात खेळत नाही, खाणं-झोप बिघडते, तर तेही दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्यांना विचारलं तरी पुढची वाट सांगतात.

---

रंकाळाकाठची | दुपारी ३:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. रजेवर दादा, तुमची पोस्ट नवऱ्यानं वाचली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

लस, जावळ आणि पाळणाघर या तीन गोष्टींवर अजून कुणी सांगेल का?

---

इंजेक्शनताई | ४:२०

मी लसीकरणाचं काम करते. नऊ महिन्यांच्या लसीला येणारी बाळं आम्हाला बघूनच सुरू करतात, सुईला नंतर.

बाळाला टेबलावर झोपवू देऊ नका, मांडीवर घेऊन बसते असं सांगा. बाळाची छाती तुमच्या छातीला, हात-पाय तुम्ही धरायचे. लगेच आत घुसू नका, दाराशी उभं राहून माझ्याशी बोला, पोरीला मला बघू द्या. मास्क असला तर मी लांबूनच एकदा खाली करते, नुसते डोळे दिसले की बाळं जास्त बिचकतात. झालं की लगेच छातीशी घ्या, अंगावर पाजत असाल तर पाजा. "काय नाही झालं, रडू नको" म्हणण्यात वेळ घालवू नका, झालेलंच असतं.

---

भेळमिसळ | ५:०५

जावळाबद्दल: रविवारी जोतिबाला जाऊ नका. देवाचा वार, गर्दी, त्यात गुलाल. मधला वार बघा, सकाळी लवकर. मामाला आदल्या दिवशीच बोलवा, घरी मुक्कामाला. थेट डोंगरावर भेट नको.

शिवाजीपेठ_आज्जी | ५:४०

मामाच्या मांडीवर पोर आणि मामाला चिकटून आई, चालतंय. शास्त्राला मामा लागतो, आई लांब बसावी असं कुठं न्हाई. कात्री एकदा मामानं लावायची, पुढचं पोर झोपल्यावर. न्हावीदादाला आधी सांगून ठेवा, ते पण रोज हेच बघत्यात.

---

चिमणचारा | रात्री ८:१५

राजारामपुरीत माझं छोटं पाळणाघर आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं मी घेते.

आपल्या रजेचं गणित बघा. २०१७ पासून २६ आठवडे मिळतात, ही मोठीच सोय. पण त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधी जातात, आणि आई नेमकी बाळ पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर कामावर जाते. मग आज्जी, मावशी अशी सोय करत सात-आठ महिन्यांत बाळ आमच्याकडं येतं, म्हणजे भीतीच्या ऐन चढावर. आया मला विचारतात, "लवकर आणलं असतं तर?" मी म्हणते, आता आणलंय ना, सावकाश घेऊ.

तुमची आई सांगलीला जायच्या आधी सुरू करा, नंतर नाही. पहिले दिवस आज्जीनं बाळाला घेऊन आमच्याकडं नुसतं बसायचं, तासभर. मग आज्जीनं दाराबाहेर जाऊन यायचं. मग एक झोप होईपर्यंत. किती दिवस लागतील ते बाळ ठरवतं. घरचं न धुतलेलं दुपटं सोबत द्या.

गुपचूप पळून जाऊ नका. हे सगळेच करतात आणि सगळ्यात महागात पडतं. बाळाचं लक्ष नसताना आई नाहीशी झाली की पुढं ते क्षणभरही नजर काढत नाही. सांगून जा, हात हलवा, एकदाच, आणि मग मागं वळून परत येऊ नका. रडेल. आमच्या ताईंच्या कडेवर रडेल आणि थांबेल. संध्याकाळी तुम्हाला बघून पुन्हा रडलं तर "दिवसभर छळलं वाटतं" असं मनात आणू नका. दिवसभर धरून ठेवलेलं तुमच्यापाशी सोडतं ते.

तुमच्या कंपनीत ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करणं कायद्यानं त्यांचं काम आहे, आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभाही. एचआरला लेखी विचारा, तोंडी नको.

कुठलंही पाळणाघर बघायला गेलात तर खेळणी आणि भिंतीवरची चित्रं नंतर बघा. एका ताईकडं किती बाळं, तिथल्या ताई किती वर्षं टिकून आहेत, आणि तुमच्या लेकीला रोज तीच ताई घेणार का, एवढं आधी विचारा. दर महिन्याला ताई बदलत असतील तर फी कमी असली तरी घेऊ नका.